आवाज परत आण

"गेला म्हणतोस, पण गेला कुठं?" दस्तगीर वस्तादांनी विचारलं.

"कुठं म्हणजे? गेला की, वस्ताद. आवाज काय पत्ता ठेवून जातो होय?" बसवराज हसला.

वस्ताद हसले नाहीत.

आजऱ्याच्या वेशीवर, आंबोलीकडं जाणाऱ्या रस्त्याला वस्तादांचं गॅरेज. बसवराज त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. हाताचा चपळ, कानाचा तिखट. आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच माहीत होतं.

समोर बार्देस्करांची जुनी गाडी उभी होती. बार्देस्कर वारले, गाडी मागं राहिली, आता ती त्यांची बायको रेमेतबाई चालवायची. डाव्या वळणावर ब्रेक दाबला की पुढून कुठूनतरी 'टक्' व्हायचं. एकदाच. मग गप्प. सारखा वाजणारा आवाज परवडला, पण हा मेला ऐकायला बसलं की तोंड मिटून घ्यायचा.

"काय काय केलंस?"

"सगळं केलं. बॉनेटखालची रबरं बदलली. सायलेन्सरचा पट्टा आवळला. पुढच्या चाकांच्या सांध्यांत ग्रीस भरलं. चक्कर मारून आलो, एकदाही वाजला नाही."

"मग ह्यातलं वाजत होतं काय?"

बसवराज थांबला.

"काय का असेना... बंद झालं ना?"

वस्तादांनी नुसतं गाडीकडं बघितलं.

तेवढ्यात रेमेतबाई आल्याच. पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "झाली का रे बसू गाडी?"

"एकदम ओके, मावशी. चक्कर मारून बघा पाहिजे तर."

बाई चक्कर मारून आल्या. चेहरा उजळला होता. "अगं बाई, खरंच की! गुण आहे हो तुमच्या पोराच्या हाताला. काल रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नव्हता. आता देवाच्या दयेनं उद्या सकाळी आग्नेसला घेऊन निघते."

आग्नेस त्यांची सून. दिवस भरलेले. सावंतवाडीच्या डॉक्टरनी उद्याच दाखल व्हायला सांगितलं होतं, आणि सावंतवाडीला जायचं म्हणजे आंबोलीचा घाट उतरायचा. मागच्या खेपेला कळा सुरू झाल्या तेव्हा हीच गाडी बंद पडलेली, दुसरी वेळेवर मिळाली नव्हती. मूल वाटेतच गेलं. तेव्हापासून बाई ह्या म्हाताऱ्या गाडीला जिवापाड जपत होत्या.

बसवराजनं चावी पुढं केली.

"बाई," वस्ताद म्हणाले, "आज गाडी मिळायची नाही."

"का हो? आवाज गेलाय ना?"

"म्हणूनच."

मग ते बसवराजकडं वळले. "आवाज परत आण."

"काय?"

"परत आण. जसा होता तसा."

रेमेतबाईंचा आवाज चढला. "अहो वस्ताद, तो घालवायला दिली होती मी गाडी! तुम्ही थट्टा करताय का माझी? उद्या पोरीला खाली न्यायचंय. मागच्या वेळी काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे," वस्ताद हळू म्हणाले. "बसा, बाई."

बाई बाकावर बसल्या.

बसवराजनं पाना उचलला. बोलायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही.

"एक सांगू का वस्ताद? बाईंनी माझ्या हाताचं नाव काढलं, ते तुम्हाला सोसलं नाही."



वस्तादांनी खांद्यावरचा फडका झटकला. गाडीचं दार उघडलं, डाव्या सीटवर जाऊन बसले आणि पाय आत ओढून घेतले.

"एकेक काढ. एक काढलं की एक चक्कर. चल."

बसवराजनं जुनी रबरं परत बसवली. चक्कर मारली. आवाज नाही.

सायलेन्सरचा पट्टा ढिला केला. चक्कर मारली. डाव्या वळणावर करकचून ब्रेक दाबला. आवाज नाही.

"बघा," तो म्हणाला. "नाहीच आहे."

"अजून राहिलंय."

"राहिलंय ते ग्रीस. ते काय परत उपसू?"

वस्ताद समोर बघत बसून राहिले.

बसवराज धुसफुसत गाडीखाली गेला. सांध्यांतलं कालचं पिवळं ताजं ग्रीस त्यानं रॉकेलनं धुऊन काढलं. मन लावून धुतलं असं नाही. राग होताच, पण हाताला वाईट काम करायची सवय नव्हती, म्हणून नीट धुतलं गेलं. चाक चढवलं. दोघं पुन्हा निघाले.

वडाखालचं डावं वळण. ब्रेक.

टक्.

कालच्यापेक्षा मोठा. डावीकडून, वस्तादांच्या पायाखालून आला.

त्यानं वस्तादांकडं बघितलं. वस्ताद झाडाकडं बघत होते.

गॅरेजात आल्यावर त्यानं गाडीखाली जॅक लावला, चाक अधांतरी केलं आणि चाकाखाली पहार घालून वर उचकलं. चाक हललं. पोराचा दुधाचा दात हलतो तसं. वरून काही दिसत नव्हतं. चाकाला धरून ठेवणारा खालचा सांधा, बॉल जॉइंट, आतून पार झिजून गेला होता.

त्यानं तो खोलून हातात घेतला. वाटीत घट्ट बसायचा लोखंडी गोळा त्यानं नुसता दोन बोटांनी ओढला, तर तो सरळ निघून आला.

रेमेतबाई उठून जवळ आल्या. "हे काय रे?"

बसवराजनं गोळा वाटीत परत घातला. तो पुन्हा निघून आला.

"बसू, मी काय विचारते?"

"मावशी... घाटात हा सुटला असता तर चाक गाडीखाली दुमडलं असतं." "हा ओरडत होता. मी त्याच्या तोंडात ग्रीस कोंबलं, आणि तुम्हाला म्हटलं एकदम ओके."

बाईंनी छातीवर क्रूस काढला. मग त्या पुन्हा बाकावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. त्यांना कोणी गप्प केलं नाही.

बसवराज मोटरसायकलवरून गडहिंग्लजला जाऊन नवा सांधा घेऊन आला. वाटेत तो चहालाही थांबला नाही. डावीकडचा बसवला. मग कोणी न सांगता उजवं चाक उतरवलं. ती बाजू तर कधी वाजलीच नव्हती. तिथला सांधा त्यानं परत धुतला, पहारीनं उचकून बघितला, पुन्हा एकदा बघितला. चांगला होता. तरी तो त्याच्याकडं बघत बराच वेळ उकिडवा बसून राहिला.

उन्हं कलली तेव्हा गाडी तयार झाली. वडाखालचं वळण तो पुनःपुन्हा घेऊन आला.

हात पुसत तो वस्तादांसमोर उभा राहिला. मघाचं बोलणं त्याला आता गिळवत नव्हतं.

"मी तुम्हाला नको ते बोललो, वस्ताद."

"हं."

"तुम्हाला कसं कळलं, सांधा गेलाय ते?"

"मला कुठं कळलं होतं?" वस्ताद म्हणाले. "तुला कळलेलं नाही, एवढंच कळलं होतं."



रेमेतबाई डोळे पुसून पुढं आल्या. राग मावळला होता, पण सकाळचा उजेड काही चेहऱ्यावर परत आला नव्हता. "बसू, आता खरं सांग बाबा. सूनबाईला घेऊन जाऊ ना मी बिनघोर?"

सकाळी ह्याच प्रश्नाला त्यानं बाईंचं बोलणं संपायच्या आत उत्तर दिलं असतं. आता त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. चावी मुठीत घट्ट धरून तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. एका चाकापाशी वाकला, उठला, पुन्हा वाकला. बाई बघत होत्या. शेवटी तो वस्तादांजवळ आला आणि त्यांनाच ऐकू जाईल असं बोलला.

"वस्ताद... मला भीती वाटायला लागली."

"कशाची?"

"जे वाजत नाही त्याची."

वस्तादांनी पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग आता चावी दे त्यांना."