खुंट्या सरळ करणारा राजा

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाही जगात शहाणी माणसं होती आणि अतिशहाणीही होती.

डोंगरातल्या एका राज्यात एक म्हातारा हलगीवाला राहायचा. दर जत्रेत त्याच्या हलगीवर अख्खं गाव लेझीम खेळायचं. आता त्याचे हात थकले होते. आपल्यामागेही आपली हलगी वाजत राहावी, एवढीच त्याची इच्छा होती.

हे कळल्यावर राजाने एका सुतारणीला बोलावलं. तिने ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं मोठं लाकडी चाक बनवलं. चाकावरची प्रत्येक खुंटी एक काठी उचलायची आणि ती काठी हलगीवर पडायची. म्हातारा वाजवत बसला. फिरत्या चाकावर जिथे जिथे त्याची थाप जुळली, तिथे तिने खूण केली आणि मग खुंटी ठोकली. चाक फिरलं आणि आपलाच हात ऐकून म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

मग कारभारी आला आणि दोरीने खुंट्यांमधलं अंतर मोजू लागला.

"महाराज, ही खुंटी अलीकडे, ती पलीकडे. सगळं वाकडंतिकडं काम. सरळ करून घ्या."

म्हातारा म्हणाला, "महाराज, खेळणारे खाली वाकले की ते वर येईस्तोवर मी जरा थांबतो. म्हणून ती खुंटी लांब आहे. आणि मेल्यावर मला सरळ निजायचंच आहे. जिवंतपणी कशाला सरळ करता?"

राजाला राग आला. त्याने सुतारणीला बजावलं, "खुंट्या सारख्या कर, नाहीतर राज्य सोड."

तिने हातोडा खाली ठेवला. "राज्य सोडते. म्हाताऱ्याचा हा हात मी मोडणार नाही."

ती गेली. कारभाऱ्याने दुसऱ्या सुताराकडून सगळ्या खुंट्या सारख्या अंतरावर ठोकून घेतल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे त्याला कुणी सांगायचं?

जत्रा भरली. चाक फिरू लागलं. एकही थाप चुकत नव्हती, पण एकही पाय हलत नव्हता.

"खेळा की," राजा म्हणाला.

लेझीमवाल्यांची म्होरकी पुढे आली. "कसं खेळायचं, महाराज? हे श्वासच घेत नाही. आम्ही त्याचीच वाट बघतोय."

"शिक्षा करीन."

"करा."

तिने आपली लेझीम चाकाच्या आऱ्यांत खुपसली. चाक करकरत थांबलं. मग हलगीविनाच गाव खेळू लागलं. सगळे खाली वाकले, अंमळ थांबले आणि वर आले. म्हातारा मोठ्याने हसला, कारण ते थांबणं त्याचं होतं.

राजाने शिक्षा द्यायला शिपाई शोधले, तर शिपाईही खेळात उतरलेले.

राजा स्वतः सुतारणीला आणायला गेला. ती परत आली आणि खेळणाऱ्यांच्या पायांकडे बघत तिने एकेक खुंटी पुन्हा ठोकली. म्हातारा त्याच वर्षी गेला. पण त्या राज्यात अजूनही कुणी खाली वाकलं, की चाकाच्या थापेत तो त्याच्यासाठी थांबतो.

तात्पर्य : जिवंत ताल मोजून सरळ केला, तर ठोके उरतात आणि माणूस निघून जातो.