बोटावरची फक्की

“मास्तर, खेळ माणसांनी खेळायचा की यंत्रांनी? एवढंच सांगा मला.”

केरबा मास्तर वाकून काम करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आदी खुंटी ठोक,” ते मला म्हणाले. “सुतळी ढिली पडलीया.”

मी खुंटी ठोकली.

आमच्या मंडळाचं कबड्डीचं मैदान मातीचं आहे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी त्यावर रेषा मारायचं काम अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही मास्तर दुसऱ्याला देत नाहीत. बुडाला भोकं पाडलेला डबा, त्यात फक्की, म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी, आणि दोन खुंट्यांना ताणलेली सुतळी. मी मंडळाचा गुणलेखक. तीस वर्षं गुण लिहितोय, आणि आखणीच्या दिवशी सुतळीचं एक टोक माझ्याकडे असतं. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांवर पडलं. उठून जा, असं मला कुणी म्हणालं नाही, आणि मीही गेलो नाही.

प्रश्न विचारणारा हैबत शिरतोडे. मास्तरांचा शिष्य. एके काळी तालुक्यात चढाई करावी तर हैबतनंच, असं लोक म्हणायचे. आता हायस्कूलवर क्रीडाशिक्षक आहे. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या फायलीत एक पत्र होतं.

“वाच की,” मास्तर म्हणाले.

हैबत उभ्या उभ्या वाचू लागला.

रविवारी जिल्हा संघटनेची बैठक होती. टीव्हीवरच्या मोठ्या लीगचे नियम आपल्या जिल्ह्यात आणायचे का, हे तिथे ठरायचं होतं. पंचाचा निर्णय पटला नाही तर कॅमेऱ्यात पुन्हा बघायचं. चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ लावायचं. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. आणि प्रशिक्षकाच्या हातात टॅब. हैबतच्या पत्रात या सगळ्याला कडाडून विरोध होता. मास्तरांची सही झाली की बारा मंडळं डोळे मिटून सही करतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र पत्रात नव्हती. हे नवं सगळं बसवून द्यायला संघटना दस्तगीर मुल्लाणीला सल्लागार नेमणार होती.

दस्तगीर हा मास्तरांचा दुसरा शिष्य. याच मैदानात वाढला. डावा कोपरा सांभाळायचा, आणि चढाईला आलेल्याचा घोटा एकदा त्याच्या पंजात सापडला की सुटायचा नाही. आता तो टीव्हीवरच्या एका संघाचा प्रशिक्षक आहे. कोट घालतो.

“‘...कारण या खेळाचा आत्मा मातीत आहे,’” हैबत वाचत होता.

“माती चाळाय कवा आलातास रं शेवटचा?”

हैबत थांबला.

“शाळा असते, मास्तर.”

“व्हय व्हय. वाच फुडं.”

मास्तर डबा हलवत दोन पावलं सरकले. पांढरी रेघ त्यांच्यामागे सरळ येत होती.

“घड्याळ कशाला पाहिजे?” हैबतनं आता कागद सोडून दिला आणि तो मनातलं बोलू लागला. “एका दमात समोरच्याच्या अंगणात शिरायचं आणि दम तुटायच्या आत आपल्या अंगणात परत यायचं. बाप-आज्यापासूनचा नियम आहे. तो पुरेसा नाही का?”

“पुरेसा हाय,” मास्तर म्हणाले.

हैबतला हुरूप आला.

“आणि टॅब! कोण कितव्या सेकंदाला कुठल्या कोपऱ्यात शिरतो ते टॅब सांगणार. मग आपण काय टाळ्या वाजवायच्या? तुम्ही आम्हाला पाय बघायला शिकवलंत. समोरच्याचा अंगठा कुठं वळतो ते बघ, तिकडंच तो झेपावणार.”

“मी आयुष्यभर शेपाचशे अंगठं बघितलं आसतील. टॅबनं धा हजार बघितलं. त्यात वंगाळ काय?”

“पण तो दस्तगीर...”

नाव निघालं आणि हैबतनं जीभ चावली. मी सुतळी नीट करायचं नाटक केलं.

“बोनसची रेषा आली,” मास्तर जसं काही ऐकलंच नाही अशा थाटात म्हणाले, “तवा आमच्या मास्तरांनी तीन दीस जेवान सोडलं. म्हनले, फुकटचा गुन, खेळ बाटला. चौथ्या दिशी सकाळी आमाला मैदानात बोलावलं.”

“कशाला?”

“बोनस कसा घ्यायचा ते शिकवाय.”

मला हसू आलं. हैबत हसला नाही. त्याची नजर मास्तरांच्या पायांवर गेली होती. पायात निळे बूट होते. कबड्डीचे, पातळ तळव्याचे, टीव्हीवर खेळाडूंच्या पायांत असतात तसले. मास्तरांना जन्मात कुणी बुटात पाहिलं नव्हतं.

“बूट नवे दिसतात.”

“दस्तगीरनं धाडलं. गुडघं दुकत न्हाईत ह्यात.”

“मातीत बूट घालायचे नाहीत, असं तुम्हीच...”

“म्हनत हुतो खरं.”

मास्तर पुन्हा रेघ मारू लागले. डब्याची टकटक तेवढी चालू होती.

हेवा लपवता येत नाही हो. मला दस्तगीरचा कधी वाटला नाही असं नाही. आपल्या मैदानातला पोरगा कोट घालून टीव्हीवर बोलतो म्हटल्यावर वाटणारच. पण मी आपला बाजूला बसून गुण लिहिणारा, माझा हेवा संध्याकाळच्या चहापर्यंत टिकतो. हैबतचा अठरा वर्षं टिकला होता. आणि आता त्याला तत्त्वाचा सदरा मिळाला होता.

“तो तिथं माईकवर तुमचं नाव घेतो,” हैबत एकदम बोलला. आवाज चढला होता. “माझे गुरू केरबा मास्तर! नाव घ्यायला काय जातं? आणि सगळं गाव टाळ्या पिटतं. वर्षातून एकदा गाडीतून येणार, पाया पडणार, फोटो काढणार. इथं राहिलं कोण, मास्तर? तुमच्या ऑपरेशनला रक्त कुणी दिलं?”

“तू दिलंस.”

“दवाखान्यात बारा दिवस कोण झोपलं बाकड्यावर?”

“तूच की.”

“मग त्याचं नाव निघालं की तुमचा चेहरा असा का होतो?”

मास्तरांनी पहिल्यांदा डबा खाली ठेवला.

“कसा हुतो?”

हैबतचे डोळे भरले होते. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचे डोळे असे भरलेले बघायला नको वाटतं. मी मैदानाकडेच्या विहिरीकडे पाहिलं.

“मी त्याच्यापेक्षा सरस होतो,” तो हळू म्हणाला. “तुम्हाला माहीत आहे.”

“चढाईत हुतास.”

“मग?”

मास्तरांनी पत्रासाठी हात पुढे केला. हैबतनं पत्र दिलं.

“ह्यातलं खरं तुला काय टोचतंय? येकच सांग.”

“कॅमेरा,” हैबत लगेच म्हणाला. “पंचाची शिट्टी वाजली की संपलं. चूक असो, बरोबर असो. झालं ते झालं. खाली मान घालून बाहेर जायचं, हे तुम्हीच आमच्या अंगात भिनवलंत. आणि हे लोक हातांनी हवेत चौकोन काढतात, की दाखवा पुन्हा! हळू करून दाखवा! जवळून दाखवा! मास्तर, गेलेली चढाई परत परत बघत बसणं हा काय मर्दाचा खेळ झाला?”

“झालं ते झालं?”

“हो.”

“पेन हाय?”

हैबतनं खिशातून पेन काढून दिलं. त्याचा चेहरा उजळला. मास्तरांनी पेन कानावर अडकवलं आणि पत्र खुंटीखाली दाबून ठेवलं. मध्यरेषा नुकतीच मारून झाली होती. ते तिच्याकडे बघत म्हणाले,

“ती चढाई कुठं झाली रं?”

“कुठली?”

“कुठली म्हनून इचारतोस?”

हैबतनं मध्यरेषेकडे पाहिलं. मीही. कुठली ते मलाही कळलं होतं; त्या चढाईचा गुण मला आमच्या बाजूला लिहायला मिळाला नव्हता.

अठरा वर्षांपूर्वी याच मैदानात अंतिम सामना होता. दस्तगीर त्या वर्षी शेजारच्या गावाकडून खेळत होता. दोन्ही गावांना चालेल असा पंच एकच होता, केरबा मास्तर. आम्ही एका गुणानं मागे. शेवटची चढाई हैबतची. बाकड्यावर एका बँकेचे दोन साहेब बसले होते. त्यांना आपल्या संघासाठी एक खेळाडू उचलायचा होता. दस्तगीरनं हैबतचा घोटा धरला, वर चौघं पडले, धुरळा उडाला. हैबतनं अंग ताणून मध्यरेषेकडे हात टाकला; दम असेतो बोट तिला लागलं की धरणारे सगळे बाद आणि सामना आमचा. मास्तरांनी शिट्टी मारली आणि हैबतला बाद दिलं. हैबत बोट वर करून दाखवत होता. बोटाच्या टोकाला फक्की होती. मास्तर म्हणाले, “फक्की तर तुज्या कानाला बी लागलीया.” सगळं मैदान हसलं. साहेबांनी दस्तगीरला उचललं.

हैबतनं त्यावर कधी एक शब्द काढला नाही. खाली मान घालून बाहेर गेला होता.

“दाव की,” मास्तर म्हणाले. “कुठं झाली?”

हैबतनं चपला काढल्या. रेषा ओलांडून विहिरीकडच्या अंगणात गेला. इस्त्रीच्या पँटची त्याला शुद्ध राहिली नाही.

“इथं मी होतो. दस्तगीर तिथं, कोपऱ्यात. ऊन विहिरीच्या बाजूनं. मी डावा पाय टाकला... असा. अर्धा टाकला, मागं घेतला. तो हलला नाही. पुन्हा टाकला. तेव्हा त्यानं घोटा धरला. उजवा हात वरून, डावा खालून. मी असा वळलो.”

तो वळला. मग गुडघ्यावर आला.

“पहिला अंगावर पडला तो कमरेवर. दुसरा पाठीवर. तिसऱ्याचा कोपर इथं बसला, कानामागं. दम अजून होता माझ्यात. मी कबड्डी म्हणत होतो, तोंडात माती होती तरी म्हणत होतो. मग असा... असा...”

तो मातीत पालथा पडला. एक पाय मागे ताणलेला, जसा आत्ता कुणी धरून ठेवलाय. हात पुढे सरकला. वीतभर. मग चार बोटं. मग दोन. इतकं हळू की मला श्वास सोडवेना. मी तीस वर्षांत हजारो चढाया पाहिल्या, पण एवढी सावकाश, एवढी जवळून एकही पाहिली नव्हती.

मधलं बोट रेषेवर टेकलं.

“लागलं होतं,” हैबत म्हणाला. गाल मातीवर होता. “मास्तर, लागलं होतं.”

मास्तर रेषेजवळ उकिडवे बसले. त्या दिवशी उभे होते, बरोबर त्याच जागी.

“मला दिसलं न्हवतं,” ते म्हणाले.

हैबतनं मातीवरूनच मान वर केली. “म्हणजे?”

“धुरळा हुता. ऊन डोळ्यावर हुतं. लागलं का न्हाई, मला दिसलंच न्हाई. पर शिट्टी तर माराय लागती. मारली.”

माझ्या हातातली सुतळी कधी सुटली कळलं नाही.

“अठरा वर्षं तुम्ही...”

“व्हय. भ्या वाटत हुतं सांगाय.”

हैबत उठला नाही. तसाच पडून त्यानं बोट डोळ्यांसमोर धरलं. टोकाला फक्की होती.

“तेव्हा कॅमेरा असता...” तो म्हणाला आणि थांबला.

वाऱ्यानं खुंटीखालचं पत्र फडफडलं. तिघांनीही तिकडे पाहिलं. मास्तरांनी कानाचं पेन काढलं आणि टोपण उघडून हातात धरलं.

“सांग. करू सही?”

हैबत बोटावरच्या फक्कीकडेच बघत राहिला. पाय अजून तसाच मागे ताणलेला होता.

मास्तरांनी पेन मिटून खिशात घातलं. मग गुडघ्यावर जोर देऊन ते उठले आणि रेषेच्या अलीकडून त्याच्याकडे हात पुढे केला.

“दस्तगीर कवाच घरी गेला, हैबत. तू अजून त्याच्या अंगनात हाईस. दम तुटायच्या आत परत ये.”