शीलास विहिरीवाल्याची कोरडी विहीर

गारवाडीच्या चर्चवर अजून कौलं चढली नव्हती, गवताचं छप्पर होतं, तेव्हाची ही गोष्ट. फार फार वर्षं झाली तिला. गावात शीलास नावाचा विहीर खणणारा होता. पहाटे तो जमिनीला कान लावून पडायचा, मुरूम जिभेवर ठेवून पाहायचा आणि मग म्हणायचा, “इथं.” त्याचं ‘इथं’ कधी खोटं गेलं नाही, असं म्हणतात. लोक थट्टेनं म्हणत, “शीलास नुसता शिंकला तरी झरा फुटतो!”

पाणी लागलं की तो विहिरीच्या तळाशी गुडघे टेकायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, “प्रभू, माझी तुझ्यावर प्रीती आहे.” काठावरचे लोक टोप्या काढायचे.

एका रविवारी परगावचे पाळक आले. उपदेशात ते म्हणाले, “पाणी लागल्यावर देवावर प्रेम करणारे पुष्कळ आहेत. विहीर कोरडी गेली तर कोण करील?” बोलून ते जेवले आणि आपल्या गावाला गेले. शीलास मात्र त्या प्रश्नापाशीच राहिला. खरंच, आजवर ते शब्द पाण्यानंतरच आले होते. आपण प्रेम केलं ते देवावर की पाण्यावर?

त्याच वर्षी गावची जुनी विहीर आटली. बायका दोन कोसांवरच्या नदीवरून पाणी आणू लागल्या. पंच शीलासकडे आले. त्यानं पहाटे कान लावला. उंबराच्या झाडाखाली पाणी अगदी बोलत होतं. उठून तो वरच्या माळावर गेला, जिथं काळ्या पाषाणाखेरीज काही नव्हतं, आणि म्हणाला, “इथं.”

एकदाच कोरड्यात उतरून पाहायचं, ते शब्द येतात का, एवढंच त्याच्या मनात होतं.

लोकांनी विश्वासानं पहारी मारल्या. दहा हात गेले, वीस हात गेले. त्याची बायको हन्ना रोज भाकरी घेऊन यायची आणि काठावरून ओरडायची, “अहो, देव काय या फत्तरात बसलाय? खाली उंबरापाशी बसायला त्याला सावली नको होय?” खालून फक्त पहारीचा आवाज यायचा. संध्याकाळी कोरड्या तळाशी गुडघे टेकायचा. शब्द यायचे. त्याला बरं वाटायचं. प्रीती अजून आहे, म्हणायचा, आणखी एक दिवस पाहू. असा उन्हाळाभर तो आपलं प्रेम पाहत राहिला.

वैशाखातल्या एका शुक्रवारी नदीवरून येताना हन्ना वाटेतच बसली. ती पुन्हा उठली नाही. डोक्यावरचा हंडा तिनं आधी नीट खाली ठेवला होता. त्यातलं थेंबभरही सांडलं नव्हतं, असं म्हणतात.

तिला माती दिल्यावर शीलास चर्चमध्ये उभा राहिला. “पाणी उंबराखाली आहे,” तो म्हणाला. “मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.”

 मग गावची सुईण, म्हातारी शलोमी म्हणाली, “म्हंजी देवाची परीक्षा घेत हुतास व्हय रं?”

“नाही, आजी. माझी घेत होतो.”

“आन् हन्नानं काय बिघडवलं हुतं तुझं?”

शीलासनं बाहेर येऊन पहार उचलली. तो उंबराखाली गेला. बारा माणसांचं काम त्यानं तीन दिवसांत एकट्यानं केलं, पहार लागण्याआधीच खडक बाजूला होत होता, असं म्हणतात. चौथ्या दिवशी पाणी छातीपर्यंत आलं. लोकांनी त्याला दोर टाकून वर ओढलं. एक पंच रडत म्हणाला, “शीलासभाऊ, देवानं माफ केलं बघ तुला!”

“पाणी तुमच्यासाठी आलंय,” शीलास म्हणाला. “त्यात माझं काही नाही.”

त्या दिवशी त्यानं गुडघे टेकले नाहीत. माळावरच्या विहिरीतही एकदा उतरून पाहिलं, पण तिथंही शब्द आले नाहीत. उन्हाळाभर जे जपलं ते देवावरचं प्रेम नव्हतंच. आपल्या प्रेमावरच आपण प्रेम करत होतो, हे त्याला कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

पुढं तो वीस वर्षं जगला. त्या पाण्याचा घोट त्यानं कधी घेतला नाही. दिवस उगवल्यापासून तो विहिरीवर उभा राहून बायकांचे हंडे भरून द्यायचा. मरायला टेकला तेव्हा पाळकांनी विचारलं, “शीलास, देवावर प्रीती आहे ना?”

“ठाऊक नाही, साहेब,” तो म्हणाला. “बाहेर कोणी हंडा घेऊन उभं आहे का बघा.”

आता गारवाडीत घरोघरी नळ आहेत. तरी वैशाखात हन्नाच्या शुक्रवारी नळ बंद ठेवतात आणि सगळे उंबराच्या विहिरीवर जातात. त्या दिवशी कोणी स्वतःचा हंडा भरायचा नाही, दुसऱ्याचा भरायचा आणि पोचवायचा. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या दारात इतकं पाणी येतं, की ओतायला भांडी पुरत नाहीत, आणि ते पोराबाळांवर लटकं रागावतात. मग उपासना होते. त्या उपासनेत ‘माझी तुझ्यावर प्रीती आहे’ असं कोणी म्हणत नाही.

माळावरच्या विहिरीकडे मात्र कोणीच जात नाही.