कुलूप लावलेलं दार

मुलींच्या वसतिगृहात दोनदा चोर शिरले, तेव्हा अध्यक्ष तात्यासाहेबांनी सुरक्षेचं प्रमाणपत्र असलेली दारं आणली. चौकटी मात्र जुन्याच, वाळवी लागलेल्या ठेवल्या. सुतारकाम करणाऱ्या सोपान मेस्त्रींची लेक तिथंच राहायची.

"साहेब, कागदावर लिहिलंय, दार, चौकट आणि कुलूप एकत्र तपासलंय. चौकटीही बदला," असं विनवून ते थकले होते.

उद्घाटनाला तात्यासाहेब सर्वांसमोर गरजले, "मेस्त्री, रंध्याचं बघा, कागदाचं आम्ही बघतो! कुलूप लावलंय, दाखवा उघडून!"

मेस्त्रींनी खांदा लावला. चौकटीसकट दार आत कोसळलं.

"उघडलं नाही, साहेब," मेस्त्री हताशपणे म्हणाले. "कुलूप अजून लागलेलंच आहे. तुमचा कागद खराच. फक्त या दाराआड माझी पोर झोपते."