टिटवी आणि मिठाचे स्फटिक

एका खाडीच्या काठी, खडकाळ माळावर एक टिटवी राहत असे. चैत्रात तिने उघड्या जमिनीवरच, खड्यांच्या घरट्यात चार अंडी घातली. मुलांनो, टिटवीची अंडी मातकट, ठिपक्याठिपक्यांची असतात. शेजारच्या खड्यांतून ती ओळखूही येत नाहीत. ऊन तापले की टिटवी खाडीत पोट भिजवून येई आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देई. दिवसामागून दिवस गेले, पण अंडी होती तेवढीच राहिली.

जवळच खडकातल्या एका खळग्यात पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी साचले होते. ते आटू लागले तसे त्यात मिठाचे स्फटिक दिसू लागले. काल ज्वारीएवढा असलेला स्फटिक आज हरभऱ्याएवढा झालेला, आणि त्याच्या कुशीला आणखी दोन इवले स्फटिक! टिटवी थक्क झाली. तिने तिथल्या खेकड्याला विचारले, "खेकडेदादा, हे जिवंत आहेत का हो?"

खेकड्याला आपल्या शहाणपणाचा फार गर्व होता. तो म्हणाला, "ते वाढतात, त्यांना पिल्ले होतात. आणखी काय हवे? तुझी अंडी वाढली का तिळभर तरी? दगडांवर बसली आहेस तू, दगडांवर!"

हे टिटवीच्या मनाला लागले. वाळूत पहुडलेले एक म्हातारे कासव म्हणाले, "पोरी, घाई करू नकोस. पाणी आटते म्हणून मिठावर मीठ चढते, एवढेच. त्याला ना भूक, ना कोणाच्या मायेची गरज. अंड्याचे तसे नाही."

पण डोळ्यांदेखत वाढणाऱ्या त्या चकाकत्या स्फटिकांनी टिटवीला वेड लावले होते. "आजोबा, ज्यांचे काहीच होत नाही, त्यांच्यापाशी मी किती दिवस बसू?" असे म्हणून ती उठली. तीन दिवस ती खळग्याशी उभी राहून स्फटिकांवर पंखांची सावली धरत होती.

चौथ्या दिवशी अमावास्येचे उधाण आले. पाणी खळग्यात शिरले आणि पाहता पाहता सारे स्फटिक विरघळून गेले. ना कोणी ओरडले, ना कोणी तडफडले. टिटवी बघतच राहिली. मग तिला एकदम अंडी आठवली आणि ती पोट भिजवून धावत सुटली.

अंडी तव्यासारखी तापली होती. घाईघाईने बसताना तिचा पाय लागून एक अंडे फुटले. आत डोळे मिटलेले पिल्लू होते. चोच होती, पाय होते, पाठीवर ठिपकेही उमटले होते. आणखी दोन दिवसांत ते बाहेर आले असते.

खेकडा तिरका तिरका जवळ आला. "मला वाटले..." तो पुटपुटला.

"तू नुसते बोललास," टिटवी म्हणाली. "उठून गेले ती मी."

उरलेल्या तीन अंड्यांवर ती पुढे कितीतरी दिवस बसून होती. त्यांतून कोणीच बाहेर आले नाही.

तात्पर्य : जे जे वाढते ते सजीव असतेच असे नाही, आणि जिथे खरा जीव असतो तिथली वाढ डोळ्यांना दिसतेच असेही नाही, म्हणून दिसत नाही एवढ्यावरून कोणाची साथ सोडू नये.