पाण्याखालचं कुरण

एका राज्यात माझ्याएवढा थोर जादूगार दुसरा नव्हता. दुसरा नव्हताच, म्हणून तर मी थोर! मंत्रांची पोथी मी अर्धीच वाचली होती. उरलेली वाळवीने वाचली.

राजाचं नाव दर्पसेन. अंगावर सात अलंकार, डोक्यात एकही विचार नाही. राजकन्येच्या लग्नाला पाहुणे नौकांतून यायचे होते. राजाने खाडीत डोकावलं. तळाशी हिरवं कुरण डुलत होतं. पाण्यातच फुलणारं, पाण्यातच बी धरणारं.

राजा म्हणाला, "हा कचरा काढ. पाहुण्यांना पांढरी वाळू दिसली पाहिजे."

मी मंत्र म्हटला. गवत मुळांसकट उपटून आकाशात गेलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मेल्यानेही वाजवल्या. अजून आठवलं की हे हात चावावेसे वाटतात.

वाळू एकच दिवस दिसली. मग गाळ उठला, कारण त्याला धरून ठेवणारं कोणी उरलं नव्हतं. त्या गढूळ पाण्यातून, ते कुरण चरणारी पाणगाय वर आली. तिला शिंगं नसतात, खूर नसतात. त्या दिवशी तिच्या अंगात राग मावत नव्हता.

"माझं ताट उधळलंस, राजा. गवत पुन्हा फुलेपर्यंत दर अमावास्येला समुद्र तुझा किनारा एक पाऊल खाईल."

आणि खाऊ लागला. वाटेतली पहिली झोपडी पोसूबाय कोळिणीची. तिच्या चुलीपासून समुद्र वीस पावलांवर. जाळ्यात मासा येईना. माशांची पिल्लं त्या गवतात लपूनच मोठी व्हायची. पोसूबायने रिकामी पाटी सिंहासनासमोर पालथी घातली.

"महाराज, आज हे शिजवा."

राजाने माझ्याकडे पाहिलं. मी झटपट मंत्र म्हटला. खाडी हिरवीगार! ओहोटीला सगळं गवत वाहून गेलं. मुळंच नव्हती. पोथीतली मुळांची पानं वाळवीच्या वाट्याला गेली होती ना!

पाणगाय गरजली, "मंत्र पुरे! राजा, तीन कामं कर. तुझ्या नौकांचे नांगर तळ खरवडतात, ते इथे टाकू नकोस. डोंगर खोदून बाग करतोस, त्याची माती खाडीत येते. ती अडव, तळाला ऊन पोचू दे. आणि तिसरं, गवत हाताने लाव. तुझ्या हाताने."

पहिली दोन कामं हुकमाने झाली. तिसऱ्यासाठी रोप कुठलं? बगळा म्हणाला, "काळ्या खडकाआड थोडं गवत उरलंय. जादूगाराचा नेम चुकला होता."

पोसूबाय राजाला म्हणाली, "पीतांबर वर खोचा. वाका. अजून वाका."

दर ओहोटीला आम्ही तिघं गुडघाभर गाळात. राजाने रोप उलटं खोचलं की ती उपटून पुन्हा त्याच्या हातात देई. माझ्या तर डोक्यावर मारी. ती शिव्या देत लावायची, आणि तिचंच गवत आधी रुजायचं.

एकोणीस अमावास्या गेल्या. चुलीपाशी एक पाऊल उरलं. आणि एका सकाळी पाण्याखाली तांदळाएवढं फिकट फूल उमललं. गाळ बसला. पिल्लं आली. एका समुद्रघोड्याने पात्याला शेपटीचा वेढा घातला. पाणगाय चरू लागली, आणि समुद्र होता तिथेच थांबला.

राजाने लगेच मिशीला पीळ दिला. "आमच्या पराक्रमाचा दगडी खांब खाडीच्या मधोमध उभारा!"

मी पोथी उघडली.

पोसूबायने पदर खोचला. "उभारा की, महाराज. खाली गवत आहे, आणि वर मी आहे. आधी कुणाला उपटताय?"