राहिलेला एक फोटू

रोल धुवून फोटू निघायचे, ते दिवस सरत आल्यावरची ही गोष्ट. हैबती फोटूवाल्याच्या फळीवर दोन कॅमेरे हुते, एक जुना रोलचा आन् एक नवा डिजिटल. लग्नाला, जत्रंला हैबती नव्यालाच न्यायचा. जुना एकटाच घरी पडून असायचा.

एकदा नवा म्हणाला, "म्हाताऱ्या, आज पाचशे फोटू काढलं. तुझ्या पोटात काय हाय? दार उघड, दाव."

जुन्याचं डोस्कंच फिरलं. त्याच्या पोटात हैबतीच्या बायकोचे, सारजाचे, पस्तीस फोटू हुते. ती जाऊन तीन वरसं झाली हुती. कडी काढावी आन् ह्याचं तोंड बंद करावं, असं लई वाटलं. पण आत उजेड शिरला की सारजा पुसली जाणार. त्यानं कडी आणखीच घट्ट धरली.

तेवढ्यात हैबती आला. त्यानं जुन्याला फडक्यानं पुसलं, डोळ्याला लावून सारजा बसायची त्या रिकाम्या उंबऱ्याकडं बघितलं, बटणावर बोट ठेवलं, आन् न दाबताच त्याला परत फळीवर ठेवलं.

"काढला का न्हाय त्यानं?" नव्यानं इचारलं.

"छत्तीसातला एकच राहिलाय. तो काढला की रोल सपला, मग सारजा माझ्यातनं बाहेर जाणार. म्हणून रोज नुसता बघतो."

नव्यानं उंबऱ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "मला तर रोज सांजच्याला रिकामा करतो."